गुहेच्या तोंडचे दोरवाले

डोंगरात तंबू ठोकून चार दिवस राहावे, तिकीट काढून एखादी गुहा पाहावी आणि पुन्हा कामावर रुजू व्हावे, यात आज कोणाला नवल वाटत नाही. पण आठवड्याचे सहा दिवस यंत्रापुढे उभे राहणाऱ्याच्या हाती डोंगर आणि रजा या दोन्ही गोष्टी आल्या कशा? इंग्लंडच्या मध्यभागी पीक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तेथे याचे उत्तर बरेचसे सापडते. संघटनेच्या कामाने आम्ही विलायतेस गेलो असता तेथील कॅसलटन गावाशेजारी तीन रात्री तंबूत काढल्या. पावसाने तिन्ही रात्री सोबत केली.

गावाला लागूनच पीक कॅव्हर्न ही गुहा. तिचे तोंड सुमारे 30 मीटर रुंद आणि 18 मीटर उंच. लोक घाईने आतल्या अंधाराकडे वळतात; आम्ही तोंडाशीच रेंगाळलो. तेथे जमिनीवर लांबच लांब सपाट टप्पे केलेले आहेत. ते निसर्गाचे काम नव्हे. सुमारे 400 वर्षे येथे दोर वळणारे राबले. एवढा लांब दोर वळायला जागा लांबच लागते. वर छप्पर आयते, म्हणून पावसात काम थांबत नाही. आणि दमट हवेत वाख मऊ राहतो. ही माणसे राहतही गुहेच्या तोंडातच. त्यांच्या धुराने काळवंडलेले छत अजून दिसते. दोर जात आसपासच्या शिशाच्या खाणींना. शेवटच्या दोरवाल्याने 1974 साली काम सोडले. आपल्याकडे हेच काम करणाऱ्या मातंगांना गावाने वेशीबाहेर ठेवले. नाड्यावाचून विहिरीवरची मोट हलत नव्हती, तरीही!

गावापासून थोड्या अंतरावर विनॅट्स खिंडीच्या पायथ्याशी स्पीडवेल आहे. ती निम्मी गुहा, निम्मी खाण. 1771 साली खाणकऱ्यांनी शिशाच्या शोधात डोंगरात बोगदा खणायला घेतला. सुमारे 14,000 पौंड खर्च झाले आणि शिसे निघाले 3,000 पौंडांचे, असे सांगतात. खाण बुडाली. मग त्याच पाणी भरलेल्या बोगद्यातून प्रवाशांना होडीने नेऊ लागले. वाटाड्या भिंतींना हातपाय लावून होडी रेटीत असे. विजेची मोटर फार पुढे आली.

याच विनॅट्स खिंडीत 1930 च्या सुमारास दरवर्षी डोंगर हिंडणाऱ्यांच्या मोठ्या सभा भरत. कारण गुहा पैसे देऊन पाहता येई, पण माथ्यावरची माळराने जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेली! शेफील्ड आणि मँचेस्टरच्या कामगाराने तिकडे पाऊल टाकले की रखवालदार आडवा. शेफील्डच्या जी. एच. बी. वॉर्ड या यंत्रकामगाराने 1900 सालीच क्लॅरियन रॅम्बलर्स हे भटक्यांचे मंडळ काढले होते. 1932 च्या ईस्टरला रोवार्थ येथे कामगार क्रीडा संघाचा तंबू पडला होता. तेथून निघालेल्या मुलांना रखवालदारांनी ब्लीकलो डोंगरावरून परत पिटाळले. 24 एप्रिलला काहीशे तरुण ठरवून किंडर स्काउटवर चढले. पुढारी बेनी रॉथमन, वय 20, मोटारींचा मेकॅनिक. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या.

भटक्यांच्या जुन्या संस्थांना हे पाऊल पसंत नव्हते. अर्जविनंत्या फुकट जातील, अशी त्यांना भीती. हा वाद आम्हां युनियनवाल्यांना घरचाच वाटतो. आमचे मत विचाराल तर, डोंगर खुले करण्याचे विधेयक पार्लमेंटात प्रथम आले 1884 साली, आणि 1932 पर्यंत अर्ज करणाऱ्यांच्या पदरात फारसे काही पडले नव्हते.

पगारी सुटीचा कायदा तेथे 1938 साली झाला, राष्ट्रीय उद्यानांचा 1949 साली; आणि 1951 साली त्या देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले ते हेच पीक डिस्ट्रिक्ट. मोकळ्या माळावर पायी हिंडण्याचा सर्वसाधारण हक्क मात्र 2000 सालच्या कायद्याची वाट पाहत राहिला.

आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्याने वर्षात 240 दिवस भरणाऱ्याला दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. मुंबईच्या गिरणीतला कोकणी माणूस ती घेऊन डोंगरातच जाई; पण तंबू ठोकायला नव्हे, गणपतीला, नाहीतर घरचे छप्पर शाकारायला.