फॅक्टर एच: शेवटचे नव्वद तास

पुढे येणारा सात वर्षांचा मुलगा कुणी एक खरा मुलगा नाही. ज्यांच्या नोंदी झाल्या अशा शेकडो मुलांच्या आजाराची चाल एकत्र करून तो उभा केला आहे, आणि मुद्दाम आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे, बेला मंडळातल्या मराठी बोलणाऱ्या एका गावात. आजाराचं नाव एटिपिकल हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम. दिल्लीच्या एम्समधले डॉ. अरविंद बग्गा आणि सहकाऱ्यांनी २००७ ते २०१८ या काळातल्या देशभरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांच्या रक्तात फॅक्टर एच या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं निघाली. अशी मुलं ४३६. युरोपात हे प्रमाण बरंच कमी आहे, म्हणून हा आजार आपण आपला समजूनच वाचलेला बरा.

रविवार, सकाळी ९. उरले ९० तास.
जानेवारीची थंडी. घरचे कापूस वेचायला निघालेत. पोराला रात्रीपासून बारीक ताप, दोनदा उलटी. आजी म्हणते, "शिळं खाल्लं असन." तापाची गोळी दिली जाते. यात कुणाचंच काही चुकलेलं नाही.

सोमवार, पहाटे ३. उरले ७२ तास.
पोरगं झोपलंय. रक्तात काय चाललंय ते इथे थांबून पाहावं लागेल, कारण पुढचं सगळं इथेच ठरतं.

रक्तात सी-३ नावाचं प्रथिन भरपूर असतं, मिलिलिटरला साधारण एक मिलिग्रॅम. जंतू असो वा नसो, त्यातलं थोडंथोडं आपोआप उघडत राहतं. उघडलेला तुकडा समोर येईल त्या पृष्ठभागाला डकवला जातो, मग तो जिवाणू असो की आपलीच पेशी. डकवलेल्या तुकड्यापाशी एक विकर तयार होतं, ते आणखी सी-३ फोडतं, आणि चक्र वाढत जातं. शेवटी पेशीच्या आवरणात भोक पाडणारी प्रथिनांची नळी बसते. ही कॉम्प्लिमेंट यंत्रणा म्हणजे राखणीला सोडलेला कुत्रा. घरच्या माणसांवर धावला की आवरणारं कुणी जवळ हवं.

आवरणारी प्रथिनं बरीच आहेत. सीडी-४६, सीडी-५५, सीडी-५९ पेशीच्या अंगावरच रोवलेली असतात. फॅक्टर एच मात्र यकृतात तयार होतं आणि रक्तात फिरतं. वीस कड्यांची साखळी. पहिल्या चार कड्या त्या विकराची जुळणी मोडतात आणि फॅक्टर आय या दुसऱ्या प्रथिनाच्या मदतीनं डकवलेला तुकडा निकामी करतात. शेवटच्या दोन, एकोणिसावी आणि विसावी, 'ही पेशी आपली' हे ओळखून तिला धरतात. विकराचं आयुष्य एरवीही मिनिट-दीड मिनिटाचं, फॅक्टर एच ते आणखी तोकडं करतं.

या मुलाची प्रतिपिंडं नेमकी त्या शेवटच्या दोन कड्यांवर जाऊन बसलीत. रक्तात फॅक्टर एच आहे, मोडायचं कामही त्याला येतं, पण धरायचं कुठे तेच त्याला उमगत नाही. अशा बहुतेक मुलांमध्ये आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत फॅक्टर एचच्या शेजारचं एक जनुक गायब असतं. तीच उणीव कित्येक निरोगी माणसांतही असते. ती जन्मभर ठणठणीत राहतात. मग याच मुलाच्या शरीरानं स्वतःच्या प्रथिनावर हत्यार का उचललं? ताप, जुलाब, सर्दी असं काहीतरी निमित्त बहुतेकदा असतं, एवढं दिसतं.

फॅक्टर एचची किंमत जंतूंना आपल्याआधी कळली होती. मेंदूज्वराचा मेनिंगोकॉकस ते चक्क स्वतःच्या अंगावर ओढून घेतो. देवीच्या लशीतल्या विषाणूनं तर तसलंच प्रथिन स्वतः बनवलेलं आहे. गिरीश कोतवाल आणि बर्नार्ड मॉस यांनी ते १९८८ साली दाखवलं. पुण्यातल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये अरविंद साहू यांच्या प्रयोगशाळेनं विषाणूंच्या अशा प्रथिनांवर वर्षानुवर्षं काम केलं.

मंगळवार, सकाळी ७. उरले ४४ तास.
मूत्रपिंडातल्या बारीक केशवाहिन्यांचं अस्तर सुजलंय. तिथल्या चाळणीवर सीडी-४६ सारखी रोवलेली प्रथिनं नसतात; ती जवळजवळ पूर्णपणे फॅक्टर एचच्या भरवशावर असते. म्हणून पहिला घाव तिथे. गुठळ्या धरतात, त्यांत प्लेटलेट खर्ची पडतात, आणि अरुंद झालेल्या वाटेतून जाताना तांबड्या पेशी फाटतात.

अंगणात आईला दिसते ती फक्त लघवी. काळसर लाल.

मंगळवार, सकाळी १०. उरले ४१ तास.
डोळे किंचित पिवळे. "कावीळ झाली पोराले." शेजारच्या गावात कावीळ उतरवणारा आहे, तिकडे नेतात. हसण्यासारखं यात काही नाही. या जिल्ह्यात काळ्या लघवीची कारणं कमी नाहीत: मलेरिया, सिकलसेल, घोणस चावल्यानंतरचा रक्तस्राव, काही औषधांनी बिघडणारी जी-६-पीडीची कमतरता. त्या रांगेत फॅक्टर एचची आठवण शिकलेल्या डॉक्टरलाही लगेच होत नाही. मला विचाराल तर तास हातचे जातात ते याच बरोबर वाटणाऱ्या निदानांमुळे.

बुधवार, सकाळी ७. उरले २० तास.
तोंड सुजलंय. काल दुपारपासून लघवीच नाही.

बुधवार, दुपारी १. उरले १४ तास.
आदिलाबाद शहर. हिमोग्लोबिन ६, प्लेटलेट ४०,०००, क्रिएटिनिन चढलेलं. मलेरियाची चाचणी निगेटिव्ह, तांबड्या पेशींवरची प्रतिपिंडं शोधणारी कूम्ब्स चाचणीही निगेटिव्ह. तरुण डॉक्टर रक्ताची काच स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली धरते. तांबड्या पेशी गोल नाहीत. तुटक्या, टोकदार, कापल्यासारख्या. ती मुलाच्या वडिलांना बोलावते.

"भाऊ, ही कावीळ नाही. रक्त आतच फुटतंय आणि किडनी बंद पडत चाललीय."

"मग बाटली चढवा ना मॅडम."

"आत्ता सलाईन भरपूर दिलं तर ते बाहेर कुठून पडणार? याला मोठ्या ठिकाणी न्यावं लागेल."

प्लेटलेट कमी दिसल्या तरी त्या चढवायच्या नाहीत, हेही ती नर्सला बजावून सांगते. मोठा रक्तस्राव नसताना त्या दिल्या तर गुठळ्यांना खाद्य मिळण्याचा धोका असतो.

बुधवार, सायंकाळी ६. उरले ९ तास.
रक्तदाब १६०/११०. सात वर्षांच्या पोराचा. हैदराबाद निर्मळचा घाट उतरून तीनशे किलोमीटर, नागपूर दोनशेच्या आसपास. मराठी बोलणारं घर, नागपुरात नातेवाईक, ठरतं नागपूर. पैसे, गाडी, गावाकडून येणारा काका. त्यात सहा तास जातात.

गुरुवार, रात्री १२. उरले ३ तास.
गाडी निघते. पैनगंगेचा पूल, मग पांढरकवडा.

गुरुवार, पहाटे ३.
नागपूर अजून तासाभरावर. पोराचे डोळे एका बाजूला फिरतात, हातपाय झटके देऊ लागतात. चढलेला रक्तदाब आणि मेंदूतल्याही बारीक वाहिन्या.

पहाटे ४ नंतर आधी झटके थांबवतात, मग डायलिसिस. प्लाझ्मा सुरू करण्याआधी एक नळी रक्त काढून बाजूला ठेवतात, कारण दुसऱ्याचा प्लाझ्मा शरीरात गेला की प्रतिपिंडांच्या चाचणीला अर्थ राहत नाही. चाचणीचा निकाल यायला दिवस लागतील. उपचार त्यासाठी थांबत नाहीत, शक्यतो चोवीस तासांच्या आत सुरू व्हायला हवेत. मुलाचा प्लाझ्मा काढून दात्यांचा घालायचा, किलोमागे साधारण ६० मिलिलिटर, म्हणजे २० किलोच्या मुलाला दर खेपेला सव्वा लिटरच्या घरात, सुरुवातीला रोज. जोडीला स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फमाइड किंवा रिटुक्सिमॅब, नवी प्रतिपिंडं बनू नयेत म्हणून. एक्युलिझुमॅब हे औषध कॉम्प्लिमेंटच्या साखळीत सी-३ च्या पुढे येणाऱ्या सी-५ या प्रथिनालाच अडवतं आणि अमेरिकेत या आजारासाठी २०११ पासून मंजूर आहे, पण त्याची किंमत कापूसवाल्या घरानं ऐकायचीसुद्धा नाही. भारतातल्या मुलांना प्लाझ्मा आणि आधीची ती तुलनेनं स्वस्त औषधं वेळेत मिळाली तर किडनी बऱ्याचदा परत चालू होते, हे त्या देशभरच्या नोंदींतूनच पुढे आलं.

आजार उलटण्याचा धोका पहिली एक-दोन वर्षं जास्त. तोवर ठरावीक महिन्यांनी रक्त तपासायचं, आणि ताप किंवा जुलाब झाले की त्याच दिवशी लघवीकडे नजर ठेवायची. घरी निघताना आईला रक्तदाब मोजायला शिकवतात. ती आकडे तेलुगूत मोजते आणि मराठीत लिहून घेते.