डी क्वेर्वेन कंडरावरणविकार

डी क्वेर्वेन कंडरावरणविकार हा मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस होणारा वेदनादायक विकार आहे. स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी क्वेर्वेन (१८६८–१९४०) यांनी १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो.

स्वरूप व कारणे
अंगठा बाहेर नेणाऱ्या व सरळ करणाऱ्या दोन स्नायूंच्या कंडरा मनगटापाशी एका अरुंद बोगद्यातून जातात. या बोगद्याचे आवरण जाड झाल्यास कंडरांची हालचाल अडखळते व वेदना होतात. 'दाह' हा शब्द रूढ असला, तरी जुन्या विकारात दाहापेक्षा आवरणाचे जाड होणेच प्रामुख्याने आढळते.

हा विकार स्त्रियांमध्ये अधिक दिसतो. बाळंतपणानंतर मूल वारंवार उचलणाऱ्या मातांना तो विशेषतः होतो. अंगठा व मनगट यांवर सतत ताण देणाऱ्या कामांनी दुखणे वाढते. कोकणातील विळीवर नारळ खवणे, काथ्या वळणे, मासेमारीची जाळी विणणे ही कामे याच प्रकारची आहेत.

निदान
निदान मुख्यतः तपासणीवरून होते. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवल्यास तीव्र कळ येते. या चाचणीस अनेकदा फिंकेलस्टाइन चाचणी म्हटले जाते. मात्र हॅरी फिंकेलस्टाइन यांनी १९३० मध्ये वर्णिलेल्या चाचणीत तपासणारा स्वतः रुग्णाचा अंगठा धरून हात वळवतो. निरोगी व्यक्तीलाही मूठ आवळून केलेल्या चाचणीत दुखू शकते. पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असल्यास अस्थिभंग नाही, याची क्ष-किरण तपासणीने खात्री करावी लागते. अंगठ्याच्या मुळाचा संधिवातही असाच दुखतो.

उपचार
* विश्रांती व पट्टी : वेदना वाढवणारी कामे टाळणे आणि अंगठ्यासह मनगट स्थिर ठेवणारी पट्टी काही आठवडे वापरणे, हा पहिला उपाय होय. मूल उचलताना अंगठे ताणून काखेत धरण्याऐवजी तळहात मुलाच्या खाली घालावेत.
* औषधे : वेदनाशामक गोळ्यांनी तात्पुरता आराम पडतो. जठरव्रण वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच गरोदर व स्तनदा स्त्रियांनी त्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात.
* स्टेरॉइड इंजेक्शन : हे कंडरेत नव्हे, तर तिच्या आवरणात देतात. बहुसंख्य रुग्णांना एका किंवा दोन इंजेक्शनांनी आराम मिळतो. त्या जागी त्वचा फिकट वा पातळ होऊ शकते. मधुमेहींची रक्तशर्करा काही दिवस वाढू शकते.
* शस्त्रक्रिया : इतर उपाय निष्फळ ठरल्यास, जागा बधिर करून लहानशा छेदातून आवरण मोकळे करतात. काही व्यक्तींमध्ये बोगद्यात पडदा असून त्याचे दोन कप्पे झालेले असतात. त्यांतील एक बंद राहिल्यास वेदना टिकून राहते. जवळून जाणाऱ्या संवेदी चेतातंतूला इजा झाल्यास अंगठ्याच्या मागील भागास बधिरता येते.

परिणाम
बाळंतपणानंतर उद्भवलेला विकार अनेकदा काही महिन्यांत आपोआप बरा होतो. दुखणे अंगावर काढल्यास मात्र पकड कमकुवत होते व भांडे उचलण्यासारखी साधी कामेही कठीण होतात.