न आलेल्यानेही एक शिलिंग द्यायचा

सभासदाने बारमध्ये पाऊलही टाकलं नाही, तरी त्याच्याकडून बारचे पैसे घ्यावेत का?

ब्रिटनमधल्या गोल्फ क्लबांत हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. तिथे याला 'बार लेव्ही' म्हणतात. वर्षाची वर्गणी भरताना वर एक ठरावीक रक्कम भरायची. ती तुमच्या कार्डावर जमा होते आणि क्लबच्या बारमध्ये किंवा खाण्यावरच खर्च करायची असते. बऱ्याच ठिकाणी नियम असा की वर्ष संपेपर्यंत खर्च झाली नाही तर बुडाली. आपल्याकडच्या काही क्लब-जिमखान्यांत याचंच भावंड आहे, 'मिनिमम बिलिंग'. खा किंवा खाऊ नका, ठरलेलं बिल लागणारच.

श्रीमंतांची भांडणं, आपल्याला काय, असं वाटेल. पण प्रश्न गोल्फचा नाहीच. दहा माणसं मिळून एखादी संस्था चालवतात, तिच्या एका भागाचा खर्च भागत नाही, तेव्हा तो भाग न वापरणाऱ्यानेही पैसे द्यायचे का? हाउसिंग सोसायटीच्या जिमपासून गावातल्या वाचनालयापर्यंत हा प्रश्न सगळीकडे आहे. गोल्फवाल्यांनी तो अडीचशे वर्षं चघळलाय, म्हणून त्यांचा इतिहास बघू.

सुरुवात स्कॉटलंडमध्ये. १७४४ साली एडिनबरोजवळच्या लीथच्या खेळाडूंनी १३ नियम लिहून काढले. गोल्फचे आज उपलब्ध असलेले सगळ्यात जुने लेखी नियम तेच. पुढे दहा वर्षांनी, १७५४ मध्ये, सेंट अँड्र्यूजला २२ सरदार आणि प्रतिष्ठित मंडळींनी आपली मंडळी स्थापन केली. तीच पुढे 'रॉयल अँड एन्शंट' म्हणून जगभर गाजली. त्या काळी क्लब म्हणजे इमारत नव्हती. मैदान समुद्रकाठचं, सगळ्यांचं. खेळ झाला की गावातल्या खानावळीत जेवायचं, पैजा लावायच्या. पैजाही बहुतेक क्लॅरेट वाइनच्या. म्हणजे खेळ आणि बाटली यांचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे.

आता गंमत बघा. १७६६ साली सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनी ठराव केला: दर पंधरवड्याला अकरा वाजता जमायचं, एक फेरी खेळायची, मग बेली ग्लास यांच्या खानावळीत एकत्र जेवायचं आणि जेवणाचा प्रत्येकी एक शिलिंग द्यायचा. आलेल्यानेही आणि न आलेल्यानेही!

सक्तीच्या लेव्हीचे समर्थक हा दाखला आनंदाने देतील. पण त्या ठरावाकडे नीट बघा. खानावळवाला मोजून इतक्या माणसांचं जेवण रांधणार. तुम्ही आला नाहीत तर तुमचं पान वाया. आपल्याकडे पंगतीला येतो म्हणून सांगून न जाणाऱ्याला आपण काय म्हणतो? तेच. शिवाय रक्कम ठरलेली, छोटी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे देणाऱ्यांनीच खाली सह्या केलेल्या. कोणी कमिटीने वरून लादलं नव्हतं. त्या एका शिलिंगात तीन गोष्टी होत्या: खर्च खरोखर झालेला, आकडा स्पष्ट, संमती स्वतःची. या तीन कसोट्या लक्षात ठेवा, शेवटी लागतील.

एकोणिसाव्या शतकात क्लबांना इमारती आल्या, इमारतीत बार आले आणि बारबरोबर कायदा आला. दारू विकायची तर परवाना हवा. मग क्लबला परवाना लागतो का? १८८२ मध्ये इंग्लंडच्या कोर्टात ग्राफ विरुद्ध इव्हान्स हा खटला झाला. लंडनच्या एका क्लबात सभासदाने व्यवस्थापकाकडून पैसे देऊन दारू घेतली आणि बाहेर नेली. व्यवस्थापकावर विनापरवाना विक्रीचा आरोप आला. कोर्टाने म्हटलं, ही विक्रीच नाही. कपाटातली बाटली आधीपासून सगळ्या सभासदांच्या सामायिक मालकीची आहे. एकाने पैसे देऊन ती घेतली म्हणजे बाकीच्यांचा तिच्यातला वाटा त्याच्याकडे आला, इतकंच. दुकानदारही नाही आणि गिऱ्हाईकही नाही.

हे तत्त्व क्लबांना फार मानवलं. सरकारला अर्थातच नाही. १९०२ च्या परवाना कायद्याने दारू पुरवणाऱ्या क्लबांना निदान नोंदणी करायला लावली. १९१३ मध्ये कार्लाइल अँड सिलॉथ या गोल्फ क्लबच्या खटल्यात कोर्टाने रेघ मारली: सभासदांकडून येणारा पैसा वेगळा, बाहेरच्या पाहुण्यांकडून खेळायची फी घेतली तर तो धंदा, त्याच्या नफ्यावर आयकर लागणार. तरी मूळ सिद्धांत शाबूत राहिला: आपण आपल्यालाच विकू शकत नाही.

मग बारला ओहोटी कशी लागली? गोल्फचं मैदान गावाबाहेर, माणसं गाडीने येणार. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा ठरली, १०० मिलीलीटरमध्ये ८० मिलिग्रॅम, आणि पोलिसांच्या हातात श्वासचाचणी आली. खेळानंतर निवांत तीन ग्लास रिचवून घरी जायचे दिवस संपले. २००६ मध्ये स्कॉटलंडमध्ये आणि २००७ मध्ये इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी आली. २०१४ च्या डिसेंबरमध्ये स्कॉटलंडने मद्यार्काची मर्यादा ५० वर आणली, तेव्हा तिथल्या गोल्फ क्लबांनी बारचा गल्ला आटल्याची जाहीर ओरड केली. हे सगळे कायदे लोकांचा जीव वाचवण्यासाठी होते आणि योग्यच होते. पण अनेक क्लबांचं अंदाजपत्रक बारच्या नफ्यावर तोललेलं होतं. बारच्या पैशावर गवत कापलं जायचं. तो आटला म्हणून उपाय निघाला, सभासद पितच नसेल तर त्याच्याकडून आधीच पैसे घेऊन ठेवा.

क्लबांची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बार आठवडाभर उघडा ठेवायचा तर माणूस लागतो, फ्रीज लागतो, वीज लागते. गिऱ्हाईक शनिवारीच येणार, खर्च रोजचा. बार बंद केला तर संध्याकाळी बसायला जागा नाही, स्पर्धेनंतर बक्षीस वाटायला जागा नाही, हळूहळू सभासदही जातात. शिवाय लेव्हीचे पैसे चहा-सँडविचवर खर्च करता येत असतील तर न पिणाऱ्याचंही फार नुकसान नाही. हा युक्तिवाद खोटा नाही.

पण हिशेब मांडला की वेगळंच दिसतं. ब्रिटनमध्ये ना-नफा, सभासदांच्या मालकीच्या क्लबच्या खेळाच्या वर्गणीवर व्हॅट नाही. बारवरच्या विक्रीवर २० टक्के आहे. म्हणजे सभासदाने लेव्हीचे १२० पौंड बारमध्ये खर्च केले तर २० पौंड सरकारकडे गेले. उरलेल्या १०० मधून दारूची, मालाची किंमत गेली. मैदानाला काय उरलं? तेच १२० पौंड वर्गणीत वाढवून मागितले असते तर जवळजवळ सगळे क्लबच्या हातात आले असते. मग लेव्हीचा हट्ट का? माझ्या मते कारण साधं आहे. वर्गणीचा आकडा जाहिरातीत दिसतो, लेव्हीचा आकडा अर्ज भरल्यावर कळतो. आणि कार्डावरचे जे पैसे बुडतात, त्यावर क्लबला एक कपसुद्धा चहा द्यावा लागत नाही.

हा वाद आपल्या दारातही आहे. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा पहिला गोल्फ क्लब कलकत्त्यात निघाला, १८२९ मध्ये. १८४२ मध्ये मुंबईत निघाला. क्लब आले तसे त्यांचे कोर्टातले युक्तिवादही आले. १९७० मध्ये मद्रासच्या यंग मेन्स इंडियन असोसिएशनच्या खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने तोच निर्वाळा दिला: क्लबने सभासदाला खाणंपिणं पुरवणं ही विक्री नव्हे. सरकारने १९८२ मध्ये ४६वी घटनादुरुस्ती करून तो दरवाजा लावायचा प्रयत्न केला. तरी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कलकत्ता क्लबच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने पुन्हा सांगितलं की क्लब आणि सभासद हे दोन वेगळे नाहीत, मुळात एकच आहेत. मग २०२१ च्या वित्त कायद्याने जीएसटीपुरतं हे दोघे वेगळे मानले जातील असं ठरवलं, तेही १ जुलै २०१७ पासून. पिण्याची दारू तर जीएसटीच्या बाहेरच आहे.

या सगळ्या खटल्यांत क्लबांचं म्हणणं एकच होतं: आम्ही दुकान नाही. आम्ही सभासदांना काही विकत नाही, ते स्वतःचंच घेतात. ठीक, मान्य. मग स्वतःच्या कपाटातलं घ्यायची सक्ती कशी होते? आणि नाही घेतलं तर पैसे बुडतात कसे? 'इतक्याची खरेदी झालीच पाहिजे' ही भाषा दुकानाची आहे. कोर्टात घरचे आणि बिलात गिऱ्हाईक, असं दोन्हीकडून चालत नाही. हा कोर्टाचा निकाल नव्हे, माझा युक्तिवाद आहे. पण क्लबांच्याच तोंडच्या वाक्यावर उभा आहे.

महाराष्ट्रात आणखी एक पेच आहे. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असतानाचा, आजही कागदावर जिवंत आहे. दारू प्यायची तर परवाना हवा. 'परमिट रूम' हा शब्द तिथूनच आला. ज्या राज्यात पिण्यासाठी सरकारची परवानगी लागते, तिथे परवाना न काढलेल्या माणसाकडून बार चालवण्यासाठी सक्तीने पैसे घ्यायचे, हे निदान विचित्र तरी आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. सक्तीची बार लेव्ही नको. बार ही सगळ्यांची गरज आहे असं वाटत असेल तर सर्वसाधारण सभेत हिशेब ठेवा, बारचा तोटा इतका, माणशी इतका पडतो, आणि वर्गणी वाढवून घ्या. लोक कुरकुर करतील, पण देतील. आणि सभा नाही म्हणाली तर बार लहान करा, चार दिवस उघडा ठेवा, पण खरं काय ते कळेल. लेव्ही ठेवायचीच असेल तर त्या एका शिलिंगाच्या कसोट्या लावा: खर्च खरा आहे का, आकडा आधीच दारावर लिहिलाय का, देणाऱ्यांनी मत दिलंय का. आणि उरलेली रक्कम पुढच्या वर्षी पुढे जाऊ द्या.

बेली ग्लास यांच्या खानावळीत न आलेल्यानेही शिलिंग दिला, कारण त्याचं पान मांडलेलं होतं आणि सही त्याची स्वतःची होती. पानच मांडलं नाही आणि सहीही घेतली नाही, तर मागायचं कशाच्या जोरावर?

तुमच्या सोसायटीत, जिमखान्यात, मंडळात असा एखादा 'न वापरता भरायचा' आकडा आहे का? तो कुठल्या सभेत ठरला, हे एकदा विचारून बघा आणि काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.