नगरसंस्थापकाचे चरित्र : येलहंका आणि किर्लोस्करवाडी

गाव वसविणाऱ्या माणसाची स्मृती समाज प्रामुख्याने दोन रूपांत जतन करतो : आख्यायिकेत आणि छापील चरित्रात. एक रूप जुने व दुसरे नवे, एवढाच या दोहोंतील भेद नाही. गाव उभे करण्याची किंमत कोणी मोजली, या प्रश्नाला ती निरनिराळी उत्तरे देतात. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या अनुषंगाने उद्योजक लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (1869–1956) यांच्या जीवनाचा विचार केला असून, तुलनेसाठी येलहंक्याचा नाडप्रभू पहिला केंपेगौडा याची आख्यायिका घेतली आहे.

आज बंगळूर महानगराच्या उत्तर भागात सामावलेले येलहंका सोळाव्या शतकात विजयनगरच्या मांडलिक गौडा घराण्याचे ठाणे होते. परंपरेनुसार 1537 मध्ये केंपेगौडाने तेथून दक्षिणेस बंगळूरचा मातीचा कोट उभारला, तलाव बांधले आणि व्यवसायवार पेठा वसविल्या. अक्किपेटे तांदळाची, अरळेपेटे कापसाची, कुंबारपेटे कुंभारांची. ‘गंगागौरीविलास’ हे तेलुगू यक्षगान त्याच्या नावावर सांगितले जाते. 1638 नंतर हेच नगर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि जयराम पिंड्ये यांच्या बहुभाषिक ‘राधामाधवविलासचंपू’ला त्यांच्या दरबाराची पार्श्वभूमी लाभली. मात्र लोकस्मृतीने केंपेगौडाच्या कर्तृत्वाइतकीच आणखी एक गोष्ट जपली. कोटाचा दरवाजा वारंवार ढासळू लागला, तेव्हा त्याची गर्भवती सून लक्ष्मम्मा हिने रात्री आपला बळी दिला, अशी कथा सांगतात. कोरमंगल येथे तिची समाधी दाखविली जाते. या कथेची ऐतिहासिकता हा येथे मुद्दा नाही. नगराच्या पायाखाली कोणाचे तरी आयुष्य गेले आहे, ही जाणीव आख्यायिका लपवीत नाही, हे महत्त्वाचे आहे.

या पार्श्वभूमीवर लक्ष्मणरावांचे जीवन पाहावे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर हे त्यांचे जन्मगाव. म्हणजे मराठी आणि कानडी एकमेकींत मिसळणारा सीमाप्रदेश. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखनाचे शिक्षक झाले. हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास मिळाल्यावर त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात 1888 मध्ये बंधू रामूअण्णा यांच्यासह सुरू झालेले सायकलींचे दुकान हा या उद्योगाचा आरंभ मानला जातो. दुकानापासून ते कडबाकापणी यंत्राकडे आणि तेथून लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन विषारी होते, ही शेतकऱ्यांची समजूत इतकी दृढ होती की, पहिले सहा नांगर विकण्यास दोन वर्षे लागली. नांगर घडविण्यापेक्षा त्याचा ग्राहक घडविणे कठीण आहे, हा या अनुभवाचा धडा होता.

बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकालगतचा 32 एकरांचा माळ देऊ केला. निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या या माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. घरे, रस्ते, पाणी, शाळा ही सारी नागरी व्यवस्था कारखान्यानेच उभारली. वसाहतीत अस्पृश्यता पाळू नये, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर दरबाराकडील जुन्या तोफा वितळवून नांगराचे फाळ ओतले गेले. ज्याच्या हाती भट्टी त्याच्याच हाती नगरव्यवस्था, ही अवस्था नाडप्रभूच्या सत्तेपासून वाटते तितकी दूर नाही. नागरी नेतृत्व येथे मतपेटीतून आलेले नव्हते. ते मालकीतून आले होते आणि मालकाच्या सद्भावनेवर टिकून होते.

लक्ष्मणरावांचे पुतणे शं. वा. किर्लोस्कर यांनी ‘यांत्रिकाची यात्रा’ हे त्यांचे चरित्र लिहिले. त्याच्या शीर्षकातच एकट्या पुरुषाच्या प्रवासाची कल्पना आहे. उद्योजकाच्या चरित्राचा हा सर्वपरिचित साचा होय. त्यात किंमत मोजतो तो नायक : बढती नाकारलेला, जागेवरून उठवलेला, कर्जात बुडालेला. इतर माणसे येतात ती त्याच्या पारखीची साक्ष म्हणून. शिक्षा भोगून आलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी नेमले, ही हकीगत अशीच सांगितली जाते. ती उदात्त आहे. परंतु रात्रभर वाडीभोवती फिरताना त्या दोघांना काय वाटले, हे त्या हकिगतीतून कळत नाही. आख्यायिकेने लक्ष्मम्मेला निदान समाधी दिली. उद्योगकथेने पहारेकऱ्यांना केवळ दाखला केले.

तथापि एवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल. ज्या गरजेतून ग्राहक घडविण्याचा खटाटोप सुरू झाला, त्याच गरजेतून वाडीत छापखाना रुजला. कारखान्याची माहिती देणारे ‘किर्लोस्कर खबर’ 1920 मध्ये निघाले; शं. वा. किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचे ‘किर्लोस्कर’ हे सर्वसंग्राहक मासिक झाले. पाठोपाठ 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ ही मासिके आली. मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या एका आडस्थानकावरून मराठी मध्यमवर्गाच्या घरांत विवाह, शिक्षण, रूढी आणि बुद्धिवाद यांची चर्चा पोहोचू लागली. नायकाच्या चरित्रात ज्यांना बोलण्यास जागा नव्हती, त्यांच्यापैकी निदान सुशिक्षित स्त्रियांना त्याच गावच्या मासिकात ती मिळाली. कामगाराला मात्र तेवढी मिळाली नाही. छापील संस्कृतीची ही मर्यादा वाचकवर्गाच्या मर्यादेतून आली होती आणि तो वाचकवर्ग वर्ग-जातींच्या चौकटीतच घडला होता.

पुढे या उद्योगाचा प्रवास म्हैसूर संस्थानाकडे वळला. 1941 मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर आणि 1946 मध्ये बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक यांची स्थापना झाली. केंपेगौडाच्या पेठांच्या नगरात अशा रीतीने किर्लोस्करवाडीची एक शाखा आली. कन्नड आणि मराठी प्रदेशांतील नगरसंस्थापकांच्या कथा शेजारी ठेवून वाचण्यास हा भौगोलिक योगही पुरेसा आधार आहे.

या वाचनातून पद्धतीविषयी एक सूचना करता येते. नगरसंस्थापकाचे चरित्र एकटे वाचू नये. येलहंक्याच्या संदर्भात यक्षगान आणि बळीची लोककथा एकत्र वाचावी लागते. किर्लोस्करवाडीच्या संदर्भात चरित्रग्रंथ आणि मासिकांची वर्षानुवर्षांची पाने एकत्र वाचावी लागतील. पहिल्यातून गाव कोणी वसविले हे कळते. ते कोणाच्या श्रमावर उभे राहिले आणि त्यांपैकी कोणाला बोलता आले, हे दुसऱ्यातून, आणि दुसऱ्यानेही सोडलेल्या रिकाम्या जागांतून, शोधावे लागते.