१९ नोव्हेंबर २०१२ : एका ‘लाइक’पायी अटक

बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्यसंस्काराला मुंबई बंद होती. हा बंद आदरापोटी नव्हे, भीतीपोटी, अशा अर्थाची पोस्ट पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर टाकली. मैत्रिणीने ती नुसती ‘लाइक’ केली. १९ नोव्हेंबरला पोलिसांनी दोघींनाही अटक केली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते.

त्याआधीच एकीच्या काकांच्या रुग्णालयाची जमावाने मोडतोड केली होती. जामीन त्याच दिवशी मिळाला, पण ओरड देशभर झाली. प्रेस कौन्सिलचे तत्कालीन अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांना खरमरीत पत्र लिहिले. पुढे दोन पोलिस अधिकारी निलंबित झाले.

आरोपांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ होते. ‘त्रासदायक’ मजकुराला तीन वर्षांपर्यंत कैद, आणि त्रास कशाला म्हणायचे याची व्याख्याच नव्हती! श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती चेलमेश्वर व नरिमन यांनी २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरवले.

तरी पोलिस ठाण्यांत ६६-अचे गुन्हे नोंदले जातच राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात शरद पवारांवरील फेसबुक पोस्टसाठी अभिनेत्री केतकी चितळे यांना ठाणे पोलिसांनी अटक केली. कलमे मात्र भारतीय दंड संहितेची होती.