टर्की भाजण्याची परीक्षा

इ. स. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून जे अपूर्व पशुपक्षी जहांगीर बादशहासाठी आणले, त्यांत टर्की हा पक्षी होता. त्याच्या डोक्यामानेचे क्षणोक्षणी पालटणारे रंग पाहून बादशहा चकित झाला. मन्सूर या दरबारी चित्रकाराने काढलेले त्याचे चित्र आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहाला जो केवळ पाहण्याजोगा वाटला, तो हा पक्षी मूळचा अमेरिकेचा. आणि तेथे दर वर्षी नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, ‘थँक्सगिव्हिंग’च्या सणाला, तो नवशिक्या सुगरणीची सत्त्वपरीक्षा घेतो. सहा-सात किलोंचा अखंड पक्षी, भाजण्याचा प्रसंग वर्षातून एकदा, आणि पानावर बसलेले सारे गणगोत! पुरणपोळी प्रथमच करणाऱ्या नव्या सुनेला ही धास्ती निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

ही रीत फार पुरातन आहे असा सर्वसाधारण समज आहे. परंतु १६२१ मध्ये प्लिमथ येथे झालेल्या ज्या भोजनाशी तिचा संबंध जोडतात, त्याचे वर्णन करणाऱ्या एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात रानपक्षी व हरणे आहेत; टर्कीचे नाव नाही. टर्कीला मानाचे पान दिले ते एकोणिसाव्या शतकाने. सारा जोसेफा हेल या लेखिकेने १८२७ मधील आपल्या ‘नॉर्थवुड’ या कादंबरीत भाजलेली टर्की सणाच्या मेजावर अग्रस्थानी बसविली, पुढे हा सण राष्ट्रीय व्हावा म्हणून अनेक वर्षे लेखणी झिजविली, आणि १८६३ मध्ये यादवी युद्ध पेटलेले असतानाच अध्यक्ष लिंकन यांनी तशी घोषणा केली.

पण पक्षी जुना झाला तरी चूल जुनी राहिली नाही. अमेलिया सिमन्स हिच्या १७९६ च्या पाकपुस्तकात टर्की स्थिर, निखाऱ्यांच्या आगीसमोर टांगावयास सांगितली आहे. वरचेवर मिठाचे पाणी शिंपडावे, आणि छातीतून वाफ निघू लागली की ती भाजली असे समजावे. वेळ नाही, उष्णतेचे माप नाही; सारी भिस्त डोळ्यांवर. पुढे लोखंडी बंद भट्ट्या घरोघर आल्या. त्यांनी बाईचा धूर वाचविला, श्रमही वाचविले. मात्र दार लागले आणि पक्षी डोळ्यांआड झाला. आईच्या शेजारी उभे राहून पाहण्याची विद्या येथेच दुबळी झाली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. विसाव्या शतकात शहरांतील भट्ट्या इतक्या लहान झाल्या की, सरकारी कृषिखात्याने बेल्ट्सव्हिल येथे मुद्दाम लहान जातीची टर्की पैदा केली!

खरी मेख पक्ष्याच्या शरीरातच आहे. छातीचे मांस लवकर शिजते, मांडीचे उशिरा. मांडी शिजेपर्यंत थांबावे तर छाती सुकून कोरडी पडते. घाई करावी तर आत कच्चे राहते, आणि कच्च्या मांसातील जंतूंमुळे सणाचे पाहुणे अंथरूण धरतात. पोटात सारण भरले असेल तर तेही मध्यापर्यंत तापले पाहिजे. म्हणून आता वाफेऐवजी उष्णतामापक खुपसून पाहतात. सर्वांत जाड भागात ७४ अंश सेल्सिअस भरले की निर्धास्त व्हावे. रंगावर विसंबणे धोक्याचेच.

बर्फात गोठविलेली टर्की मिळू लागल्यावर आणखी एक अडचण उभी राहिली. सात किलोंचा पक्षी शीतकपाटात वितळावयास तीन-चार दिवस लागतात, हे बुधवारी रात्री ध्यानात येते. १९८१ मध्ये एका टर्कीविक्रेत्या कंपनीने अशा घाबरलेल्यांसाठी दूरध्वनीची सोय केली. पहिल्याच वर्षी सहा गृहविज्ञानतज्ज्ञ स्त्रियांना सुमारे ११ हजार जणांच्या शंकांना उत्तरे द्यावी लागली. ती सोय अद्याप चालू आहे, आणि सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न भाजण्याचा नसून वितळविण्याचाच असतो.