तिएन्त्सिनचे लिडेल मास्तर

एरिक लिडेल हे नाव उच्चारताच आमच्या बहुतेक वाचकांस पॅरिसचे १९२४ चे ऑलिंपिक सामने आठवतील. शंभर मीटरांच्या शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी येते, आणि रविवार तर उपासनेचा वार, म्हणून या स्कॉटिश तरुणाने ती शर्यत सोडली. आणि ११ जुलै रोजी चारशे मीटर अंतर ४७.६ सेकंदांत तोडून सुवर्णपदक मिळविले. ही कथा १९८१ च्या 'चॅरियट्स ऑफ फायर' या चित्रपटाने घरोघर पोहोचविली. चित्रपटात त्यांस हे वेळापत्रक प्रवासास निघताना कळते. वस्तुतः ते कित्येक महिने आधीच ठाऊक होते, व त्या अवधीत त्यांनी चारशे मीटरांची तयारी केली होती. नाट्यासाठी केलेला एवढा फेरफार आम्ही क्षम्य मानतो. परंतु चित्रपट जेथे संपतो तेथून पुढे लिडेल वीस वर्षे जगले, आणि त्यांतील बहुतेक काळ ते मास्तर होते, याचा विसर पडावा हे आम्हांस रुचत नाही.

त्यांचा जन्म १९०२ साली चीनमधील तिएन्त्सिन येथे, आजच्या तिएनजिनमध्ये, एका मिशनरी कुटुंबात झाला. शिक्षण इंग्लंड-स्कॉटलंडात. एडिंबरा विद्यापीठाची विज्ञानाची पदवी त्यांनी पॅरिसच्या विजयानंतर आठवड्याच्या आतच घेतली, आणि पुढच्याच वर्षी, कीर्ती अगदी शिगेस असता, ते जन्मगावी परतले. तेथील अँग्लो-चायनीज कॉलेजात मुख्यतः सधन चिनी घराण्यांतील मुले शिकत. त्यांस लिडेल विज्ञान शिकवीत व मैदानावर खेळांची तालीम देत. आमच्याकडे सायन्सचे मास्तर आणि ड्रिलमास्तर या दोन जाती निराळ्या. पहिल्याने दुसऱ्याकडे किंचित उपेक्षेने पाहावे हाही रिवाजच. लिडेल यांच्या ठायी हा भेद नव्हता. तेथील मिन्युआन क्रीडांगणाच्या उभारणीतही त्यांनी हातभार लावला.

जपानी आक्रमणाने हा क्रम मोडला. १९३७ पासून ते शिआओचांगच्या खेडवळ मुलुखात काम करू लागले. १९४१ साली गरोदर पत्नीस व दोन मुलींस त्यांनी कॅनडास धाडले, आणि मार्च १९४३ मध्ये स्वतः शांतुंग प्रांतातील वेइशिएनच्या स्थानबद्धांच्या छावणीत जाऊन पडले. सुमारे दोनशे यार्ड लांब व दीडशे यार्ड रुंद अशा आवारात दीड हजारांच्या आसपास माणसे कोंबलेली! त्यांत चेफू येथील शाळेची मुले होती. त्यांतील कित्येकांचे आईबाप दूर कोठेतरी, भेटीची आशा नसलेले. या मुलांचे लिडेल 'एरिककाका' झाले.

प्रयोगशाळा नव्हती. तेव्हा मास्तरांनी वहीत नळ्या, चंबू, दिवे यांच्या आकृत्या हाताने रेखाटल्या, आणि ज्यांनी प्रत्यक्ष उपकरण पाहिलेही नव्हते अशा मुलांस त्या आकृत्यांवरून रसायनशास्त्र शिकविले. छावणीत परीक्षाही होत. हॉकीच्या काठ्या मोडत. त्या चादरींच्या चिंध्यांनी बांधून संध्याकाळच्या खेळासाठी सज्ज करणे हेही काम त्यांचेच.

रविवारी मात्र खेळ नाही, हा त्यांचा नेम तेथेही कायम होता. आठवडाभर भुकेने व कंटाळ्याने चिडलेल्या मुलांनी एका रविवारी आपण होऊनच हॉकी मांडली. पंच नव्हता, खेळाची मारामारी झाली. पुढच्या रविवारी मुले जमली तेव्हा शिट्टी घेऊन लिडेल मैदानात उभे होते.

पॅरिसच्या नकाराची थोरवी गाणारे पुष्कळ आहेत. आम्हांस वेइशिएनचा हा होकार त्याहून अवघड वाटतो. ज्या नेमापायी जगाने त्यांस ओळखले, तो नेम त्यांनी काही उनाड पोरांसाठी बाजूस ठेवला, आणि तोही टाळ्या वाजविण्यास तेथे कोणी नसताना! नेम मोडला असे कोणी म्हणेल. आमच्या मते ज्यांच्यासाठी आपण आहोत ती माणसे कोण, हे त्यांस त्या दिवशी अधिक स्पष्ट दिसले.

१९४५ च्या हिवाळ्यात त्यांचे डोके सारखे दुखू लागले. अतिश्रमाने मज्जा थकली असावी असा प्रथम तर्क झाला. त्याच सुमारास एका मुलाचे जोडे पार झिजलेले पाहून त्यांनी आपले धावण्याचे जुने, दोऱ्याने शिवलेले बूट त्याच्या हाती ठेवले. २१ फेब्रुवारी रोजी, पत्नीस पत्र लिहिल्याच्या दिवशीच, त्यांचा अंत झाला. मेंदूत गाठ होती. वय त्रेचाळीस. कॅनडात जन्मलेली धाकटी कन्या तेव्हा चौथ्या वर्षात होती. तिला त्यांनी कधी पाहिले नव्हते. पत्नीस ही वार्ता मे महिन्यात कळली, आणि छावणी सुटली ती ऑगस्टात.

१९९१ साली एडिंबरा विद्यापीठाने मल बेटावरील ग्रॅनाइटची शिळा तेथे उभारली. त्यापूर्वी त्या जागी छावणीतल्या लोकांनी एक लाकडी क्रूस रोवला होता. त्यावरील नाव बुटाच्या पॉलिशने लिहिलेले होते.